मांजरेच्या उतारावर

आमच्या घरच्या लोखंडी ट्रंकेत, जमिनीची खरेदीखते, उर्दू मोहरांचे स्टांपकागद आणि नात्यागोत्यातल्या लग्नपत्रिका यांच्या तळाशी, एक कृष्णधवल छायाचित्र माझ्या आठवणीच्याही आधीपासून पडून होते. तळहाताएवढे, चौरस, एका कोपऱ्यात कसरीने खाल्लेले. दिवाळीची झाडलोट चालली असताना वर्षातून एकदा ते आम्हां मुलांच्या दृष्टीस पडे आणि ट्रंकेचे झाकण लागले की विस्मृतीत जाई. गेल्या वर्षी मी ते ओसरीवरच्या उजेडात धरले आणि प्रथमच नीट पाहिले. एका रुंद, संथ नदीच्या पात्रातून नऊ माणसे पैलतीराकडे चालली आहेत. पाणी गुडघ्याच्या वर आणि मांडीच्या खाली. सर्वांत पुढे रिकामी बैलगाडी. तिच्या उजव्या बैलाचे सर्वांग पांढरे आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. गाडीमागे डोक्यावर गाठोडे घेतलेली, लुगड्याचा ओचा वर खोचलेली एक स्त्री. तिच्यामागे आपली पायताणे दोन्ही हातांत उंच धरून चालणारा एक मनुष्य. आणि सर्वांच्या शेवटी दहा-बारा वर्षांचा एक मुलगा, जो एकटाच मान वळवून छायाचित्र घेणाऱ्याकडे पाहतो आहे. पलीकडच्या दरडीवर वाकलेले एक झाड. चित्राच्या पाठीवर शिसपेन्सिलीने '७' हा आकडा लिहिलेला. गाव नाही, नदीचे नाव नाही, साल नाही.

ते घेणारे घरातले जे कोणी असेल ते आता हयात नाही. तेव्हा हे चित्र कोणत्या उतारावरचे, एवढे तरी कळावे म्हणून ते वहीच्या पुठ्ठ्यांत घालून, आणि माझा स्वतःचा कॅमेरा खांद्याला लावून, मी मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी देवणीहून मांजरेच्या काठाने निघालो. आणि मग त्या एका प्रश्नापायी पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा या तिन्ही ऋतूंत पुनःपुन्हा जात राहिलो.

देवणी हे नाव महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक असते ते गुरांमुळे. डांगी, गीर आणि स्थानिक जनावरे यांच्या संकरातून पिढ्यानपिढ्यांच्या निवडीने घडलेली ही जात, आणि तिच्यातले वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे तीन प्रकार, आमच्याकडचे शाळकरी पोरही दुरून ओळखते. काळ्या गालांचा तो वानेरा. पांढऱ्या अंगावर पोटाखालच्या बाजूस काळे ठिपके असलेला तो बालंक्या. आणि सर्वांगावर वेड्यावाकड्या काळ्या कवड्या उमटलेला तो शेवरा. गावाची दुसरी ओळख सरहद्दीची. पूर्वी उदगीर तालुक्यात मोडणारा हा मुलूख निजामाच्या राज्यात बिदर जिल्ह्याचा भाग होता. अव्वल तालुकदाराची कचेरी बिदरला, कागदपत्रांची भाषा उर्दू, बाजार मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, बिदर जिल्ह्याचे तुकडे पडले, उदगीर, निलंगा आणि अहमदपूर उस्मानाबादेस जोडले गेले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. माणसांच्या हद्दी अशा बदलत राहिल्या, पण बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा मात्र पूर्वीप्रमाणेच लातूर जिल्हा ओलांडून, आमच्या शिवाराच्या कडेने बिदरकडे जाते, तेलंगणात निजामसागराच्या जलाशयात शिरते, आणि सुमारे सव्वासातशे किलोमीटरचा प्रवास करून नांदेड जिल्ह्याच्या टोकाशी गोदावरीला मिळते. तीन राज्यांच्या दप्तरांत तिच्या पाण्याचा हिशेब आहे. तिच्या काठच्या रोजच्या जगण्याचा चित्ररूप हिशेब कोठे आहे, हे पाहण्याची माझी इच्छा होती.

उष्ण कटिबंधातले जलजीवन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जी चित्रे उभी राहतात ती आपली नसतात. काही वर्षांपूर्वी मी केरळात आलप्पुळ्याला गेलो होतो, तेव्हा कुट्टनाडच्या कालव्यांतून, समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या भातखाचरांच्या कडेकडेने जाताना, एका प्रहरात मी जितकी छायाचित्रे घेतली तितकी आमच्या मांजरेची आयुष्यात घेतली नव्हती. खिळा न वापरता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेली केट्टुवळ्ळम ही भाताची नौका, सरकारी बोटीतून शाळेस निघालेली मुले, दारापुढच्या पायरीवर बसून भांडी घासणारी बाई, हे सर्व इतके सुंदर आणि सुलभ होते, की त्या सौंदर्याचा मोह कोणालाही पडावा. आणि व्हिएतनामातल्या कँथो शहराजवळचा होड्यांवरचा बाजार, किंवा ब्रह्मदेशातल्या इन्ले सरोवरातले एका पायाने वल्हे मारणारे कोळी, यांच्या चित्रांनी जगातली प्रवासी मासिके का भरलेली असतात हे मला तेथे उमगले. परंतु परत आल्यावर नकाशा पाहिला तेव्हा ध्यानात आले, की कर्कवृत्त आपल्या साडेतेवीस अंशांवर, आणि देवणी अठरा अंशांच्या किंचित वर. म्हणजे मांजरा ही उष्ण कटिबंधातलीच नदी. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या अखेरीस असा वर्षातून दोनदा सूर्य मध्यान्ही आमच्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या बैलाची सावली त्याच्या पोटाखालीच मावते. फरक इतकाच, की केरळातले पाणी बारा महिने चित्रकाराची वाट पाहत थांबते, आणि आमचे थांबत नाही.

जगातल्या जलाशयांपैकी आमच्या नदीची सोयरीक मला जुळवावीशी वाटते ती कंबोडियातल्या तोनले साप सरोवराशी. पावसाळ्यात मेकाँगला पूर आला म्हणजे तिला मिळणारी नदी उलटी वाहू लागते, सरोवर पसरत पसरत कोरड्या ऋतूच्या कित्येक पट होते, आणि मग महिन्यामहिन्याने आकसत मूळपदावर येते. त्या पसरण्या-आकसण्याबरोबर तेथल्या माणसांची घरे, जाळी, शेती आणि अन्न बदलत जाते. तेथे गेलेल्या चांगल्या छायाचित्रकारांनी हे जाणले, की अशा पाण्याचे एक चित्र पुरत नाही, त्याची मालिका करावी लागते. मांजरेचेही असेच आहे. जूनमध्ये ती गढूळ आणि अनोळखी असते, भाद्रपदात काठोकाठ, मार्गशीर्षात वेळ अमावास्येला लोक शेतात आंबिल आणि भज्जी घेऊन निघतात तेव्हा निवळशंख, आणि वैशाखात तिच्या जागी वाळू, खडक आणि दोन-चार डबकी. तरीही त्या कोरड्या पात्रातून जाणारी पायवाट हा जलमार्गच आहे, कारण ज्या ठिकाणी माणूस पावसाळ्यात नदी उतरतो त्याच ठिकाणी तो उन्हाळ्यातही ती उतरतो.

या जागेला आमच्याकडे 'उतार' म्हणतात. आपल्या भाषेने नदीच्या ओलांडणीतून किती शब्द घेतले आहेत हे या प्रवासात मला पावलोपावली जाणवले. दोन होड्या, किंवा वाळलेले भोपळे, एकत्र बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. आज आपण विचारांची आणि कामांची सांगड घालतो तेव्हा ते भोपळे आपल्याला आठवत नाहीत. रेल्वेच्या प्रवाशांना कालपरवापर्यंत 'उतारू' म्हणत, तो शब्दही याच कुळातला. नदीकाठच्या रेताड पट्ट्याला वाळवंट म्हणतात, हे पंढरपूरच्या वारकऱ्याला सांगावे लागत नाही. जी भाषा इतकी नदीत भिजलेली आहे, तिच्या बोलणाऱ्यांच्या नद्यांची चित्रे इतकी थोडी असावीत, याची खंत मला वाटते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खांदेमळणीला, मी वलांडीच्या बाजूने नदीवर पोहोचलो तेव्हा घाटावर पन्नासेक जनावरे होती. बैल पाण्यात घालणे हे काम लांबून सोपे दिसते. जवळून पाहिले म्हणजे कळते, की प्रत्येक बैलाची पाण्याशी वेगळी बोलणी करावी लागतात. एक पंचविशीचा तरुण आपल्या वानेऱ्याला कासरा ढिला सोडून, तोंडाने 'हो, हो' करीत, एक-एक पाऊल खोल नेत होता. पाणी पोटाला लागताच बैलाने कातडी थरथरवली, कान मागे घेतले आणि मग एकदम सगळे अंग सैल सोडले. तरुणाने नारळाच्या शेंडीने त्याची मान चोळायला घेतली. वशिंडाच्या पुढे, जेथे जू बसते, त्या जागी केस झडून कातडी गुळगुळीत आणि करडी झाली होती. तेथे आला की त्याचा हात मंद होई, आणि शेंडी बाजूला ठेवून तो तेवढा भाग तळहातानेच पुसे. मी छायाचित्र घेतले ते त्या तळहाताचे. छायाचित्रणाची एक गोष्ट त्या वेळी मला स्वच्छ कळली. भर दुपारी जमिनीवर माणसाचा चेहरा पटक्याच्या किंवा पदराच्या सावलीत काळा पडतो आणि चित्र वाया जाते, पण तोच माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा असला तर पाण्यावरून उसळलेला उजेड खालून वर त्याच्या हनुवटीवर, गालावर, भुवयांच्या खोबणीत पसरतो. ज्याला आपण रखरखीत ऊन म्हणतो, ते नदीत उतरले की मवाळ होते.

त्याच घाटावर मी ट्रंकेतले चित्र प्रथम बाहेर काढले. एका पिकल्या मिशांच्या गुराखी गृहस्थांनी ते हातात घेतले, डोळ्यांपासून लांब धरले आणि बराच वेळ फक्त गाडीकडे पाहिले. "गाडी रिकामी हाय बगा. माणसं चालूलालीत. म्हंजी तळ वाळूचा. चाक रुतू नये म्हणून उतरलीत समदी." मी इतके दिवस ते चित्र पाहत होतो, आणि गाडी रिकामी का, हा प्रश्न मला पडला नव्हता.

नदीच्या पुढच्या टप्प्यात देवणी तालुक्यातल्या धनेगावाचा बंधारा लागतो. धनेगावे दोन आहेत, आणि मांजरेच्या संदर्भात त्यांचा घोटाळा पुष्कळांचा होतो: एक वर बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातले, जेथे मांजरा धरण आहे आणि ज्याच्यावर लातूर शहराची तहान अवलंबून आहे, दुसरे हे आमचे. वरचे धरण, आणि नंतर पात्रात जागोजाग झालेले बंधारे, यांनी नदीचा स्वभाव पालटला. पूर्वी जी वाहती, उथळ आणि उतरता येण्याजोगी होती, ती आता तुकड्यातुकड्यांनी अडलेली आणि खोल झाली आहे. शेतकऱ्यांच्या दृष्टीने हे वरदान आहे, आणि उसाचे हिरवे पट्टे पाहिले म्हणजे त्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही. मात्र कित्येक उतार त्या फुगवट्याखाली गेले, आणि उताराबरोबर एका काठाचे दुसऱ्या काठाशी असलेले पायी चालण्याचे नातेही गेले. आता पूल आहे. पुलावरून माणूस मोटारसायकलीने अर्ध्या मिनिटात पार होतो आणि नदीकडे मान वळवून पाहत नाही.

या फुगवट्याच्या पाण्यात मला भोई समाजातले एक मामा भेटले. साठीच्या पुढचे, उन्हाने रापलेले, कमी बोलणारे. त्यांची नौका म्हणजे थर्माकोलचे चार जाड ठोकळे, खताच्या पोत्यांत घालून सुतळीने शिवलेले. त्यावर ते मांडी घालून बसतात आणि दोन्ही हातांत लाकडी फळीचे दोन लहान तुकडे धरून पाणी मागे सारतात. तोल इतका नाजूक, की शिंक आली तरी जाळे सोडून आधी कड धरावी लागते. पहाटे अंधारात ते आदल्या संध्याकाळी लावलेले जाळे उचलायला निघाले तेव्हा मी काठावर होतो. पाण्यावर धुके होते, मामा दिसत नव्हते, फळ्यांचा चपचप आवाज तेवढा येत होता, आणि मग एकाएकी धुक्यातून, जणू पाण्यावरच बसलेला, एक मनुष्य हळूहळू जवळ आला. त्यांच्या गुडघ्यांपाशी ओल्या पोत्यावर रोहू आणि चिलापी चमकत होते. मरळ हल्ली फारसा लागत नाही, ते म्हणाले. त्याला डोह लागतो, कडेला दडायला कपारी लागतात, आणि वाळू काढून काढून काठ ढासळले. उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या वाळूत त्यांचे वडील टरबूज आणि काकडीची वाडी लावीत, तीही आता नाही, कारण बंधाऱ्याच्या पाण्याखाली वाळू नाही आणि बंधाऱ्याच्या बाहेर वाळू उरलेली नाही. हे सर्व त्यांनी कोणावर ठपका न ठेवता, हवापाण्याची गोष्ट सांगावी तसे सांगितले.

ट्रंकेतले चित्र त्यांनी ओल्या हातात घेतले नाही. मी ते धरून उभा राहिलो आणि त्यांनी वाकून पाहिले. "हे आमचं उतार न्हाई, सर. आमच्या उताराला खाली खडक व्हता. खडकावरनं पानी जाताना असं सपाट दिसत न्हाई, त्येला सुरकुत्या पडत्यात." त्यांनी बोटाने, चित्राला स्पर्श न करता, पाण्याचा पृष्ठभाग दाखवला, तो खरोखरच ताटासारखा सपाट होता. गुराखी गृहस्थांनी चाकावरून जे ताडले, तेच मामांनी पाण्याच्या त्वचेवरून ताडले. त्या दिवशी मला वाटले, की छायाचित्र वाचण्याची खरी विद्या कॅमेऱ्याच्या दुकानात मिळत नाही, ती अशा माणसांपाशी असते, आणि आपण त्यांना चित्रे दाखवीत नाही म्हणून ती तशीच वाया जाते.

आमच्या या मुलखाची छायाचित्रे अजिबात झाली नाहीत असे नाही. हैदराबादच्या सहाव्या निजामांचे, मीर महबूब अली खान यांचे, दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्याइतका तोलाचा कलावंत त्या काळी हिंदुस्थानात क्वचितच होता. सरधन्याचे राहणारे, रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्य शिकलेले, इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशानवीस म्हणून लागलेले दीनदयाळ पुढे निजामाच्या पदरी आले आणि त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब मिळाला. त्यांच्या काचेच्या पट्ट्यांवर राजवाडे आहेत, शिकारी आहेत, पलटणी आहेत, इंग्रज पाहुण्यांच्या मेजवान्या आहेत. आणि १८९९–१९०० च्या दुष्काळात औरंगाबादेकडच्या हाडांचे सापळे झालेल्या माणसांची चित्रेही आहेत. मी ती पाहतो तेव्हा त्यांच्या हातोटीपुढे नतमस्तक होतो. पण वैभव आणि विपत्ती या दोहोंच्या मधला जो मोठा प्रदेश, ज्यात माणूस गाठोडे डोक्यावर घेऊन नदी उतरतो, तो त्या चित्रांत फारसा येत नाही. अवजड कॅमेरा, तिकाटणे, काचेच्या पट्ट्या आणि दरबारचा हुकूम ही त्याची कारणे होती, आणि ती समजण्यासारखी आहेत.

आज ती कारणे नाहीत, तरी शिरस्ता तोच आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून लातूरला आगगाडीने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. त्या गाडीत उतारू नव्हते, पाणीच उतारू होते. त्या दिवशी लातूरच्या स्थानकात देशभरचे कॅमेरे होते, आणि ते असायलाच हवे होते, कारण मार्चमध्ये याच शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये 'गुलाब' चक्रीवादळाच्या पावसाने मांजरा फुगली, धरणाचे दरवाजे उघडले, तेव्हा पुन्हा कॅमेरे आले. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात लेंडीच्या पाण्याने हसनाळ गावात माणसे दगावली, तेव्हा पुन्हा आले. या दोन टोकांच्या मध्ये वर्षाचे जे तीनशे-सव्वातीनशे दिवस उरतात, त्या दिवसांत नदीवर कोणी येत नाही. माझ्या मते हा नुसता कलेचा प्रश्न नाही. ज्या नदीचे रोजचे रूप कोणाच्या डोळ्यांपुढे नाही, तिचे काय हरवले हे सांगताना आमच्यापाशी पुरावा उरत नाही. पंचनामा होतो तो पडलेल्या घरांचा, गेलेल्या उताराचा होत नाही.

हिवाळ्यात मी औराद शहाजानीच्या परिसरात, जेथे तेरणा मांजरेला मिळते, तेथपर्यंत गेलो. तेथे धुणे धुणाऱ्या तीन बायांनी मला अडवले, आणि त्यांनी अडवले ते योग्यच केले. "कशाला काढलालाव ओ फोटो? आमाला इचारलाव का?" त्यांतल्या वडीलधाऱ्या मावशी म्हणाल्या. मी कॅमेरा पिशवीत घातला, क्षमा मागितली आणि आपण कशासाठी फिरतो आहोत ते सांगून जुने चित्र त्यांच्यापुढे केले. मग वातावरण पालटले. तिघींची डोकी त्या लहानशा चौकोनावर एकत्र आली. मावशींनी पाण्यातल्या त्या स्त्रीकडे पाहिले, तिने ओचा किती वर खोचला आहे ते पाहिले, गाठोड्याची गाठ पाहिली, आणि म्हणाल्या, "माहेराला चाललीय ही. सासरला जाताना गाठुडं एवढं ल्हान नसतंय." आणि दरडीवरच्या झाडाकडे बोट करून त्यांनी ठामपणे सांगितले, की ती करंजी त्यांच्या माहेरच्या उतारावरची, तिचा बुंधा असाच नदीकडे वाकलेला होता आणि लहानपणी त्या तिच्यावर बसत. ते माहेर नदीच्या पलीकडे, आता कर्नाटकाच्या हद्दीत. तो उतार आज पाण्याखाली आहे आणि झाड कधीच गेले. निघताना मावशींनी आपण होऊन छायाचित्र काढू दिले, मात्र धुणे धुतानाचे नव्हे. त्यांनी हात पुसले, पदर नीट केला आणि तिघी नदीकडे पाठ करून, ताठ उभ्या राहिल्या. प्रवासी छायाचित्रकाराला असे ताठ उभे राहणे नकोसे वाटते, त्याला 'नैसर्गिक' हवे असते. परंतु माणसाने स्वतःला कसे दाखवावे हे ठरवण्याचा हक्क आधी त्या माणसाचा, हे त्या दिवसापासून मी मनाशी पक्के केले.

चैत्रात मी तीच जागा शोधीत त्या काठाने गेलो. पलीकडच्या गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी करंजीची गोष्ट साफ नाकारली. असे झाड प्रत्येक उतारावर असे, ते म्हणाले, कारण उताराशी थांबणाऱ्याला सावली लागते. त्यांच्या मते चित्रातली नदी मांजरा नव्हेच, तेरणा आहे.

उरले ते सावलीचे गणित. चित्रात बैलाची सावली त्याच्या पोटाखाली आहे, तेव्हा वेळ भर दुपारची, आणि दिवस मेच्या मध्याजवळचा किंवा जुलैच्या अखेरीजवळचा. मे असेल तर नदी त्या काळी भर उन्हाळ्यातही गुडघ्याच्या वर वाहत होती, म्हणजे चित्र वरच्या धरणाच्या आधीचे. जुलै असेल तर पावसाने उघडीप दिलेला एखादा दिवस. चौरस आकारावरून ते त्या वेळी घरोघर असलेल्या 'आग्फा क्लिक-थ्री'सारख्या साध्या कॅमेऱ्यातले असावे, ज्यात एका रोलवर बाराच चित्रे निघत. आणि पाठीवरचा '७' म्हणजे बहुधा त्या बारांतले सातवे. बारा चित्रांचा रोल विकत घेऊन, त्यातले एक चित्र लग्नावर किंवा बारशावर न खर्चता, नदी उतरणाऱ्या अनोळखी माणसांवर खर्चणारे माझ्या घरात कोणी होते, हे मला या शोधातून कळले. बाकीची अकरा कोठे गेली, कोणास ठाऊक. आणि तो मुलगा, जो मान वळवून पाहतो आहे, तो आज असलाच तर साठी-सत्तरीच्या पुढचा असेल. कदाचित ज्या काठांवरून मी वर्षभर हिंडलो, त्यांतल्याच एखाद्या पारावर बसलेला असेल.

चार गावांतल्या जाणत्या माणसांनी एक वर्षभर ते चित्र वाचले, त्यातली चाके, पाणी, गाठोडे आणि झाड यांची साक्ष काढली, आणि तरीही नदीचे नाव निश्चित झाले नाही. घेणाऱ्याने त्या दिवशी पाठीवर दोन शब्द लिहिले असते तर ते झाले असते.

म्हणून या अंकाच्या वाचकांस माझी विनंती आहे. दिवाळीच्या आवराआवरीत आपल्या घरी जुने आल्बम आणि ट्रंका उघडतीलच. त्यांत नदी, ओढा, विहीर, घाट, होडी, उतार यांचे एखादे जरी छायाचित्र निघाले, तरी ते घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापुढे ठेवा, आणि ते सांगतील ते गावाचे नाव, नदीचे नाव आणि अंदाजाने का होईना साल, मऊ शिसपेन्सिलीने, फार दाब न देता, त्याच्या पाठीवर लिहून ठेवा.